बाबा पडद्यावर मावेनात

टीव्हीवाल्यानं भिंतीवरच्या नव्या पंचावन्न इंची टीव्हीचं प्लॅस्टिक सोललं, पेन ड्राइव्ह लावला आणि आत्या किंचाळली, "ही कोण म्हैस?"

"तूच," तिचा भाचा, घरातला मुलगा, म्हणाला. "तुझंच लग्न चाललंय."

"मी? मी बेचाळीस किलोंची होते लग्नात! हिच्यात मी दोनदा मावेन!"

आई पुढे सरकून बसली होती. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. कॅमेरा दिसला की ते खांबाआड व्हायचे; त्यांचं हलतं चित्र काय ते या लग्नातलं, अकरा सेकंदांचं. लेकीनं जुनी कॅसेट शोधून ती पेन ड्राइव्हवर उतरवून आणली होती.

"रेशोचा घोळ आहे," टीव्हीवाला म्हणाला. "जुनं चित्र चार बाय तीन, टीव्ही सोळा बाय नऊ. आखूड चादर रुंद पलंगावर ताणलीय समजा. थांबा, ओरिजिनल करतो."

आत्या क्षणात सडपातळ झाली. पण दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या.

"हे काय?" भाचा उठलाच. "एवढा मोठा टीव्ही काय पट्ट्या बघायला घेतला?"

"मग झूम करा," लेक म्हणाली. तिनं सकाळीच माहितीपुस्तिका वाचली होती, म्हणजे अर्धी.

झूम झालं. पडदा भरला, आत्याही शिडशिडीत राहिली. घरात पहिल्यांदा एकमत झालं. तेवढ्यात नवरीच्या मागून पाण्याच्या पेल्यांचा ट्रे घेतलेलं एक धड निघून गेलं.

"हे बिनडोक्याचं कोण?" आत्यानं विचारलं.

"तुमचा दादा," आई म्हणाली.

"कशावरून?"

"हात ओळखते मी."

टीव्हीवाला खाकरला. "झूममध्ये वरखालचं छाटलं जातं. साहेब उंच होते ना..."

"अहो, पण फोर के आहे ना हा?" भाचा चिडला. "मग आणा डोकं!"

"फोर के, आहे ते बारीक दाखवतो, साहेब. छाटलेलं जोडत नाही."

भाच्यानं रंग भडक केले, लेकीनं शार्पनेस वाढवून पाहिला. धड अधिकच रेखीव झालं, डोकं मात्र आलं नाही. शेवटी भाच्यानं हात टेकले. "जाऊ दे. राहू देत पट्ट्या."

ओरिजिनल लागलं. नवरीमागून बाबा आले. डोक्यासकट, हसरे, छत्रीच्या काडीसारखे. आईनं अकरा सेकंद पाहिले. पुन्हा लावायला सांगून पुन्हा पाहिले. मग म्हणाली, "ते पहिलं लावता?"

"वहिनी!" आत्या ओरडली. "त्यात मी कशी दिसते, बघितलंत ना?"

"बघितलं, वन्सं. पण पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांदा वाढायला गेले की हे ताटावर हात आडवा धरायचे. पहिल्यांदाच अंगाला काही लागलेलं बघायला मिळणार आहे."

टीव्हीवाल्यानं बटण दाबलं. बाबा आले, गाल भरलेले, खांदे रुंद, घरचं अन्न मानवलेले. आई खुदकन हसली.

आत्या स्वतःच्या म्हशीकडे बघत राहिली, मग भावाकडे. तिनं पदरानं नाक पुसलं आणि टीव्हीवाल्याकडे वळली.

"अहो, याहून जरा जास्त ताणता येतं का?"