चालू बॅच

मी इंग्रजी शिकायचं ठरवलं ते आमच्या स्नेहाच्या एका वाक्यामुळे. ती बिचारी वाईट काहीच बोलली नव्हती. "मम्मी, सेंथिलचे आईबाबा आले ना, की तू नुसती हसत राहा. बाकी मी बघते," एवढंच म्हणाली.

स्नेहा आमची एकुलती एक. पुण्याला कंपनीत आहे. सेंथिल तिच्याच ऑफिसातला, मूळचा कोईमतूरचा. दोघांनी लग्न ठरवलं तेव्हा आमच्या घरातून लगेच होकार गेला. मुलगा गुणी, शांत, आणि पहिल्याच भेटीत मला वाकून "जयभीम, आंटी" म्हणाला. आणखी काय पाहिजे? पण त्याचे वडील हेडमास्तर, नुकतेच रिटायर झालेले. त्यांनी कळवलं, "मुलीच्या आईवडिलांना मी स्वतः भेटणार. त्यांचं मनापासून असेल तरच हे लग्न. कुणाच्या मनाविरुद्ध मुलगी आणायची नाही." माणूस किती चांगला बघा! फक्त त्यांना मराठी येत नाही, हिंदी येत नाही. बोलायचं तर इंग्रजीत.

आता दोन तास नुसतं हसायचं म्हणजे काय? आमच्या कॉलनीत दोन तास नुसत्या हसत बसलेल्या बाईला लोक दवाखान्यात नेतील. शिवाय मी दहावी पास आहे. (इंग्रजीत काठावर, पण पास.) तेव्हा स्नेहाला न सांगता मी पिठाच्या गिरणीवरच्या संजना मॅडमच्या क्लासला गेले.

मॅडम स्नेहाच्याच वयाच्या. म्हणाल्या, "काकू, नवीन बॅच गुढीपाडव्यानंतर."

"पाहुणे तर पुढच्या महिन्यात येणार आहेत हो."

"मग चालू बॅचला बसा. मागचं नंतर भरून काढू."

इथे मी विचार करायला हवा होता. पण मला वाटलं, चालत्या बसमध्ये चढलं तरी बस नेते तिथेच नेते.

चालू बॅच फार पुढे गेली होती. बाकीच्यांचं नाव, गाव, कशी आहेस, काय करतेस, हे सगळं केव्हाच झालं होतं. मी गेले त्या दिवशी फळ्यावर होतं, असं झालं असतं तर तसं झालं असतं. दुसऱ्या दिवशी, करायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी, करता आलं असतं. म्हणजे लोक ओळखीपासून इंग्रजी सुरू करतात, मी थेट हळहळीपासून सुरू केलं.

शेवटचा अर्धा तास मॅडम गोंधळ होणाऱ्या शब्दांच्या जोड्या घ्यायच्या. एकाचं स्पेलिंग असं, दुसऱ्याचं तसं, अर्थ निराळे. मला ते शब्द आधी माहीतच नव्हते, त्यामुळे गोंधळही नव्हता. मॅडमनी शिकवल्यावर तो रीतसर सुरू झाला.

पण हळहळीचे धडे मला भराभर जमले. मॅडमनासुद्धा आश्चर्य वाटलं. त्यात आश्चर्य काय? संसार सुरू झाल्यापासून मी हेच तर बोलत आले, फक्त मराठीत. 'आधी सांगितलं असतं तर भाजी आणली असती', 'तेव्हाच प्लॉट घ्यायला हवा होता'. मॅडम म्हणायच्या, "काकू, एक अक्षर चुकू द्यायचं नाही. वाक्य जसंच्या तसं पाठ." मी कणीक मळताना म्हणायचे, कपडे वाळत घालताना म्हणायचे. एकदा खालच्या मजल्यावरच्या नवसाबाई वर आल्या.

"काय वो लताबाई, भिकनभाऊंनी काय केलं एवढं? सकाळपास्नं ऐकू राहिले मी, लय झापू राहिल्या तुम्ही त्यांना."

"अहो, ते तर ड्युटीवर गेलेत. मी अभ्यास करतेय."

"मंग ठीक. पन अभ्यास आसा आसंल तं भाऊंचं काई खरं नाय."

आमचे हे ओझरच्या कारखान्यात फिटर. त्यांचंही इंग्रजी आहे, पण ते नटबोल्टचं. टाइट, लूज, रिजेक्ट आणि टेस्टिंग ओके. एवढ्या चार शब्दांवर माणसाची सगळी नोकरी निघाली. "मला नाही भीती," ते म्हणाले. मी मनात म्हटलं, बघाच तुम्ही.

पाहुणे मुंबईला विमानातून उतरून नाशिकला आले, त्या दिवशी इगतपुरीच्या घाटात ट्रक आडवा झाला होता, म्हणून त्यांना बराच उशीर झाला. सेंथिल आणि स्नेहा त्यांना आमच्या दारापर्यंत पोचवून गाडी लावायला आणि द्राक्षं आणायला खाली गेले. दारात सर, त्यांच्यामागे विहीणबाई, केसात मोगरा माळलेल्या. मला म्हणायचं होतं, या या, केव्हाची वाट बघतोय. 'वेलकम' मलाही येतं. पण इतकं शिकल्यावर साधं वेलकम म्हणायचं, तर फी कशाला भरली? पाठ केलेल्यातलं सगळ्यात जवळचं वाक्य मी काढलं.

"यू शुड हॅव कम अर्लियर." म्हणजे, तुम्ही आधीच यायला हवं होतं.

सरांनी घड्याळ पाहिलं. "सॉरी मॅडम. व्हेरी सॉरी. ट्रॅफिक."

त्यांना समजलं! माझं इंग्रजी हेडमास्तरांना समजलं! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर एकदाही पाहिलं नव्हतं.

पाहुणे बसले. मी पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया सगळं मांडलं. सर म्हणाले, "सो मेनी आयटम्स!" मला म्हणायचं होतं, तुमची आवड माहीत असती तर तुमच्याकडचंही काही केलं असतं. एवढं मोठं वाक्य माझ्याकडे नव्हतं. पण माहीत असणं आणि स्वयंपाक करणं, दोन्ही असलेलं एक वाक्य तयार होतं. तेच दिलं.

"इफ आय हॅड नोन, आय वुड नॉट हॅव कुक्ड."

(माहीत असतं तर स्वयंपाक केलाच नसता. त्यातला 'नॉट' तेव्हा माझ्या लक्षातच आला नाही. तो वाक्याबरोबर पाठ झाला होता.)

सरांचा घास हातातच राहिला. विहीणबाई मात्र माझ्याकडे बघून छान हसल्या आणि मान डोलावली. मी आणखी एक पोळी वाढली.

मग सरांनी सावरून घेतलं. "युवर डॉटर इज व्हेरी गुड गर्ल. व्हेरी ब्राइट." लेकीचं कौतुक झालं की मला राहवत नाही. मॅडमनी परीक्षेच्या निकालावर एक वाक्य दिलं होतं. त्यात 'बेटर' होतं, आणि बेटर म्हणजे चांगलं, एवढं मला पक्कं माहीत होतं.

"शी कुड हॅव डन बेटर," मी अभिमानाने म्हणाले.

हिला याहून चांगलं करता आलं असतं! आणि हे मी मुलाच्या बापाला, त्याच्या ताटात तूप वाढता वाढता सांगितलं.

सरांनी ताट बाजूला सारलं. रुमालाने हात पुसले आणि अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "मॅडम, प्लीज टेल फ्रँकली. डू यू लाइक अवर बॉय?"

मला 'लाइक' कळलं, 'बॉय' कळला. सेंथिलचा हसरा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि माझे डोळे भरून आले. सगळी माया गोळा करून मी म्हणाले, "आय वुड हॅव लाइक्ड हिम."

"टेस्टिंग ओके, सर!" मागून ह्यांनी शिक्का मारला.

सर उठले. विहीणबाईंना तमिळमध्ये काहीतरी बोलले. त्यांचं हसू मावळलं, त्यांनी पर्स उचलली. तेवढ्यात स्नेहा आणि सेंथिल द्राक्षांची पिशवी घेऊन दारात उभे. सर मुलाशी बोलायला लागले. आवाज चढलेला नव्हता, पण सेंथिलचा चेहरा पडत गेला. त्याने स्नेहाकडे पाहिलं, स्नेहाने माझ्याकडे.

"मम्मी, हे म्हणतायत, तुझ्या मनात हे लग्न नाही. ते परत निघालेत. तू काय बोललीस त्यांना?"

"मी? मी तर चांगलंच बोलले गं. इंग्रजीत बोलले."

"तुला इंग्रजी कुठून आलं? काय बोललीस ते सांग, जसंच्या तसं."

मी चारही वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. एक अक्षर चुकलं नाही. स्नेहा मटकन चपलांच्या कपाटावर बसली आणि तिने मला एकेका वाक्याचा अर्थ सांगितला. शेवटच्याचा अर्थ होता, मुलगा आवडला असता, म्हणजे आवडला नाही.

मला लाज या शब्दाचा अर्थ माहीत आहे, असं मी तोवर समजत होते. कान इतके तापले, की त्यावर पापड भाजला असता. लेक एवढ्या कष्टाने शिकली, तिला मनासारखं स्थळ मिळालं, आणि तिच्या आईने पाहुण्यांना जेवायला बसवून घराबाहेर काढलं. मी रडत रडत मराठीत सगळं सांगितलं. क्लास, चालू बॅच, हळहळीचे धडे, सगळं. स्नेहा इंग्रजीत सांगत होती, सेंथिल आईला तमिळमध्ये. माझी फजिती एकाच वेळी तीन भाषांतून चालली होती.

सर ऐकत राहिले, पण त्यांचा विश्वास बसेना. "बट ग्रामर इज परफेक्ट!" ते म्हणाले. स्नेहाने समजावलं, "मम्मी, ते म्हणतायत, एक जरी चूक झाली असती तरी त्यांना शंका आली असती. इतकं शुद्ध बोलणारी बाई विचार करूनच बोलत असणार, असं त्यांना वाटलं."

मग सर माझ्यासमोर आले आणि शाळेत नवीन मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?"

याचं उत्तर मला पाचवीपासून येतं. पण घाबरल्यावर माणसाच्या तोंडी शेवटचं पाठ केलेलंच येतं.

"आय शुड हॅव टोल्ड यू," मी म्हणाले. मी सांगायला हवं होतं.

सर माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या मिश्या हलल्या, पोट हलायला लागलं, आणि ते इतके हसले, की सेंथिलने त्यांना धरून सोफ्यावर बसवलं. हसता हसता त्यांनी सारलेलं ताट परत पुढे ओढलं आणि पुरणपोळी मागितली. स्नेहाने मला मिठी मारली. मारताना एक चिमटाही काढला.

त्या दिवसापासून दर रविवारी सर मला व्हिडिओ कॉलवर पहिल्या धड्यापासून शिकवतात. हे शेजारी बसून हजेरी लावतात. मी सगळं रीतसर करते. पण एक गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती. विहीणबाईंना स्वतःला इंग्रजी येत नाही. सेंथिलने सगळं समजावलं, तरी त्यांच्या मनात राहिलं ते फक्त माझं फाडफाड बोलणं आणि सरांचं 'परफेक्ट'. कोईमतूरला जाऊन त्यांनी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, की मुलीची आई कलेक्टरसारखं इंग्रजी बोलते.

साखरपुडा इथे नाशिकलाच झाला. तिकडून दोन मोठ्या गाड्या भरून माणसं आली. कार्यक्रम रंगात आला आणि विहीणबाईंनी मला स्टेजवर नेऊन स्वतःच्या हाताने माईक माझ्या हातात दिला. पुढच्या दोन ओळी सरसावून बसल्या. कुणी मोबाईल वर धरले.

मी येवल्याची पैठणी सावरली. "माय नेम इज लता," मी म्हणाले. पुढे काहीच येईना. पहिला धडा पक्का झाल्याशिवाय सर दुसरा घेत नव्हते, तो पुढच्या रविवारी होता. समोर बसलेल्या सरांना माझी दया आली असावी. त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "व्हेरी गुड. सिट डाउन."

मी ताबडतोब बसले. मागे वळून न बघता. स्टेजवर दोनच खुर्च्या होत्या, सेंथिलची आणि स्नेहाची, आणि स्नेहा माझ्यासाठी टाळ्या वाजवायला उभी राहिली होती. फोटोग्राफर बाहेरगावचा, त्याला कोण कुणाचं काही माहीत नव्हतं. खुर्च्या भरलेल्या दिसताच त्याने पटापट फोटो काढले.

अल्बमच्या पहिल्या पानावर आता जावई आणि सासू शेजारी शेजारी बसलेले आहेत. खाली सोनेरी अक्षरांत इंग्रजीत छापलंय, हॅपी कपल.