अक्काच्या पडद्यावरचा अंधार

धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी बाळ्याने घरातला कॉम्प्युटर कुलूपबंद करायला घेतला. बाळ्या म्हणजे सत्तरी ओलांडलेला कुलूपवाला. त्याला आईविना वाढवलं ते थोरल्या बहिणीने, अक्काने. ती अजून बाळ्या म्हणे, म्हणून सगळं गणगोत बाळ्याच म्हणे.

"आता चोराचा बाप आला तरी आत शिरायचा नाही!" बाळ्याने बायकोला ऐकवलं. "आपला कॉम्प्युटर ज्या लिनक्सवर चालतो ना, त्यावर ही फ्लॅटपॅकची पाकिटं मिळतात. प्रत्येक प्रोग्राम आपापल्या खोलीत बंद. बाहेर डोकवायचं तर आधी परवानगी!"

"माझ्या जावेसाठी मिळेल का एखादं पाकीट?" बायको म्हणाली.

बाळ्याने जुने प्रोग्राम काढले, पाकिटं घातली. मग त्याला परवानग्यांची बटणं सापडली आणि हातच शिवशिवायला लागले. अक्षरओळख पन्नाशीत झालेली, त्यामुळे तो प्रत्येक शब्दाखाली बोट धरून वाचे. व्हिडिओ कॉलच्या पाकिटापाशी आला. "नेटवर्क, असू दे. आवाज, असू दे. सर्व उपकरणं? हा काय इस्त्री फिरवणार आहे? बंद!"

रविवार उजाडला. दर रविवारी जेवणाआधी अक्काचा व्हिडिओ कॉल असे. तिचे कान केव्हाच गेले होते, तेव्हा बोलणं असं नव्हतंच. ती त्याचं तोंड बघे, तो तिचं. तेवढ्यावर दोघांचा आठवडा निघे.

पडद्यावर अक्का आली, शेजारी भाची, पुढ्यात ताट.

"बाळ्या कुठाय?" अक्काने विचारलं.

"अगं, हा काय मी!"

"मामा, तुझा आवाज येतोय," भाची म्हणाली, "पण इकडे काळाकुट्ट अंधार!" तिने हातवारे करून अक्काला सांगितलं, मामा आहे, बोलतोय.

अक्काचा चेहरा उतरला. "मला काय ऐकू येतंय? तुम्ही काहीही सांगाल! गेला ना तो? तोंड दाखवा! तोंड बघितल्याशिवाय मी घास घेणार नाही!" तिने ताट सारलं.

"मामा, तिची गोळी जेवणानंतरची आहे रे!"

बाळ्याला घाम फुटला. त्याने पाकीट काढून पुन्हा घातलं. अंधार! परत काढलं, परत घातलं. अंधारच! एकदा लावलेलं कुलूप पाकीट बदललं तरी जाग्यावरच राहतं, हे बिचाऱ्याला कुठे ठाऊक! घरात दुसरा कॅमेरा नाही, फोन तो बटणांचा.

तिकडे भाचीने घाईघाईने मोबाइलमधला मामाचा फोटो अक्काला दाखवला. नेमका गेल्या उन्हाळ्यातला! मामा आरामखुर्चीत, डोळे मिटलेले, हात पोटावर!

अक्काने जो हंबरडा फोडला, त्याने शेजारीपाजारी गोळा झाले. त्यांतल्या कुणीतरी नातेवाइकांना कळवलं. इकडे बटणांचा फोन वाजू लागला.

"वहिनी, धीर धरा!" चुलत दीर रडत होते.

"अहो भावोजी, हे जिवंत आहेत!"

"आहेतच, वहिनी! आमच्या मनात ते कायम जिवंत राहतील!"

बायकोने फोन आपटला आणि खुर्ची ओढून बाळ्याशेजारी बसली. "अहो, रडू नका. काय काय बंद केलंत, एकेक वाचा बघू."

बाळ्याने बोट धरलं. "नेटवर्क, चालू. आवाज, चालू. सर्व उपकरणं, बंद." त्याने बोट पुन्हा मागे नेलं. "उपकरणं म्हणजे... कॅमेरासुद्धा?"

"नाहीतर काय, इस्त्री?"

बटण चालू केलं, कॉल नव्याने लावला. अक्काच्या पडद्यावर बाळ्या उजाडला. केस उभे, बनियन घामाने चिंब, नाक लालभडक.

अक्का पुढे सरकली. पडद्यावर त्याचा गाल होता तिथे तिने तळवा टेकवला, आणि बराच वेळ काढलाच नाही. बाळ्यानेही आपला गाल काचेजवळ नेला, त्यामुळे तिला नुसता कानच दिसू लागला.

"मागे हो, मेल्या!" अक्का ओरडली. मग तिने ताट पुढे ओढलं, पहिला घास घेतला आणि त्याला नीट न्याहाळून भाचीला म्हणाली, "दाढी करायला सांग त्याला. त्यापेक्षा अंधारात बरा दिसत होता."

अक्का पुढच्या वर्षी मार्चमध्ये, दुपारी झोपेतच गेली.