सबनिसांचं विरजण

दही लागेपर्यंत घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, असा सबनिसांचा नियम होता. रेडिओ बंद, दार हळू लोटायचं, शिंक आली तर बाथरूममध्ये जाऊन शिंकायचं. घरात माणसं दोनच, ते आणि मी. ते मुळातच हळू बोलायचे, तेव्हा नियम कोणासाठी होता हे सांगायला नको.

१९९० च्या सुरुवातीला मी वर्षभरासाठी पाहुणा संशोधक म्हणून कुवेतला गेलो. समुद्राच्या पाण्यातले जंतू हा माझा विषय. पुण्याहून निघताना सत्कारबित्कार झाला होता, त्यामुळे विमानतळावर कोणी तरी हार घेऊन येईल अशी माझी समजूत होती. हार सोडा, शुवैखच्या संशोधन संस्थेत पहिले दहा दिवस मला बसायला खुर्चीही मिळाली नाही. राहायला जागा मिळाली ती सलवा नावाच्या वस्तीत, सबनिसांच्या फ्लॅटमधली दुसरी खोली.

सबनीस मूळचे मिरजेचे. कुवेतच्या एका इस्पितळात अकरा वर्षं लॅब टेक्निशियन. बायकोमुलांना आणायला तिथल्या नियमाप्रमाणे लागतो तेवढा पगार नव्हता, म्हणून संसार मिरजेत आणि हे इथे. लॅबमधल्या सवयी घरीही चालत. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, तिच्यावर पदार्थाचं नाव, तारीख आणि सही. मिठाच्या बरणीवरसुद्धा तारीख होती. "डॉक्टर, नोंद घ्या, गॅसचं बटण उलटं फिरतं," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. 'नोंद घ्या' हे त्यांचं पालुपद. मला डॉक्टर म्हणणारा कुवेतमधला हा एकच माणूस, त्यामुळे मीही इमानेइतबारे नोंद घेत असे.

घरातलं दैवत म्हणजे फ्रिजच्या वरच्या कप्प्यातली स्टीलची वाटी. तिच्यावर लाल शाईत लिहिलेलं: 'विरजण. हात लावू नये. सबनीस.' अकरा वर्षांपूर्वी निघताना बायकोनं लहानशा डबीत विरजण दिलं होतं. तेच त्यांनी चालू ठेवलं होतं आणि त्याला ते 'मिरजेचं विरजण' म्हणत. सुट्टीवर जाताना ते वाटी शेजारच्या रुमैथियातल्या एका मराठी नर्सबाईंकडे पोचती करत, सोबत दोन पानी सूचना. दिवसभर इस्पितळात थर्मामीटर बघणारा हा माणूस घरी दुधात करंगळी बुडवून बघे. मग एसीचा गारठा बाधू नये म्हणून भांडं स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवी. तो स्वेटर त्यांनी स्वतः घातलेला मी कधी पाहिला नाही.

मी त्यांना एकदा शास्त्र सांगितलं. अकरा वर्षांत मिरजेचा एकही जंतू त्यात उरला नसणार, आता आहेत ते सगळे इथलेच, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असतील इथले," ते म्हणाले. "पण वळण मिरजेचं आहे."

पुढे एप्रिलमध्ये एका शुक्रवारी ते ड्यूटीवर गेले असताना मी भात केला. माझा भात नेहमीप्रमाणे खाली करपला आणि वर कच्चा राहिला. दह्याशिवाय तो घशाखाली उतरणं शक्य नव्हतं, आणि दह्याचं पातेलं संपलेलं. मी वाटीतलं चमचाभर घेतलं. मग आणखी चमचाभर. मला मराठी वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. पण पुढे काय झालं ते मला खरंच नीट सांगता येत नाही, एवढं आठवतं की मी बोटानं वाटी पुसत होतो.

मग मी घाबरलो. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे तिथल्या वाणसामानाच्या दुकानातून, दह्याचा प्लॅस्टिकचा डबा आणला, त्यातलं दही वाटीत नेमकं तेवढंच भरलं आणि डबा दोन गल्ल्या पलीकडच्या कचऱ्यात टाकून आलो. दुसऱ्या दिवशी सबनिसांनी त्या विरजणाचं दही खाल्लं. दुसऱ्या घासाला क्षणभर थांबले. मग म्हणाले, "बरं लागलंय." आपल्या पीएचडीचा आयुष्यात प्रथमच उपयोग झाला असं मला वाटलं.

ऑगस्टमध्ये इराकी रणगाडे आले आणि आमची संस्था बंद पडली. माझं संशोधन बाटल्यांमध्येच राहिलं. त्यानं जगाचं काही नुकसान झालं नाही. ताजं दूध दिसेनासं झालं तेव्हा सबनीस दुधाच्या पावडरीवर विरजण जगवू लागले. पुढे बसनं बगदादमार्गे अम्मानला आणि तिथून विमानानं मुंबईला जाणाऱ्यांच्या यादीत माझं नाव लागलं. सबनीस राहणार होते. लॅबमध्ये रक्त तपासणारी दोनच माणसं उरली होती, त्यातले ते एक.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी एक धुतलेलं फडकं दह्यात बुडवून गच्चीत वाळवलं, घडी करून पाकिटात घातलं आणि वर तारीख टाकली. "डॉक्टर, नोंद घ्या. हे मिरजेला द्यायचं. कोमट दुधात बुडवलं की दही लागतं. तिला कळेल मी ठीक आहे."

मला ते पाकीट हातात धरवेना. माणूस परक्या मुलखात, युद्धात मागे राहतोय, आणि मी त्याच्या बायकोकडे दुकानातलं दही पोचवणार! मी सगळं सांगून टाकलं: भात, चमचा, बकाला, दोन गल्ल्या पलीकडचा कचरा.

"मला माहीत आहे," सबनीस म्हणाले. "त्यानंतर मी एकदा तरी मिरजेचं विरजण म्हणालो का? आपल्या घरचं म्हणतो, या इथल्या."

खरंच, तसंच म्हणत होते. नेमकी हीच नोंद मी घेतली नव्हती.

"मग बोलला का नाहीत?"

ते पाकिटाची कड बोटानं दाबत बसले. "मिरजेला आमचा धाकटा मुलगा असंच करायचा. विरजणाची वाटी चाटूनपुसून मोकळा, आणि त्याची आई ओरडत बसायची. इथं अकरा वर्षांत सहा पार्टनर झाले. सगळे चांगले. मराठी एकही नव्हता, पाटी वाचता यायची नाही, तरी एकानंही हात लावला नाही. तुम्ही लावलात. मला घरी असल्यासारखं वाटलं."

पाकीट मी मिरजेला पोचवलं. सबनिसांच्या बायकोनं माझ्यासमोरच दूध तापवलं आणि करंगळी बुडवून पाहिली.

सबनीस १९९१ मध्ये, युद्ध संपल्यावर परतले. वाटेत पुण्याला माझ्याकडे उतरले, निम्म्यानं वाळले होते. माझी बायको पान वाढत होती, तेवढ्यात ते उठले, फ्रिज उघडला, आमच्या विरजणाची वाटी काढली आणि उभ्याउभ्याच सगळी संपवली. शेवटी बोटानं पुसूनसुद्धा घेतली. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी तिला खुणेनंच गप्प राहायला सांगितलं.