तिसरी प्रत

रमणीककाकांचा कॉम्प्युटर दिवाळीच्या दहा दिवस आधी कट्कट् वाजू लागला. सुरतेतल्या दीड खोलीच्या दुकानात काका साड्यांवरच्या भरतकामाची डिझाइनं करत. अकरा वर्षांची, मोजून नऊ हजार डिझाइनं त्या एका डब्यात होती.

"डिस्क मरतेय, काका," भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेली पुतणी जिगीषा म्हणाली. "सगळ्याची प्रत काढायला हवी."

"काढ. पण स्वस्तात."

जिगीषाने डीव्हीडी, पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क यांचा दर जीबीचा भाव काढायला घेतला. तिचा भागाकार संपायच्या आत काका फुटपाथवरून दोन टीबीचा पेनड्राइव्ह घेऊन आले. तीनशे रुपये!

तिने तो तपासला. "यात सोळा जीबीच मावतं. पुढचं सगळं घेतल्यासारखं करतो आणि विसरतो."

"अगदी तुझ्या काकांसारखा," कोकिलाकाकी म्हणाल्या.

शेवटी दोन हार्ड डिस्क आल्या.

"दोन कशाला?"

"एक इथे, एक दुसऱ्या जागी. इथे पाणी शिरलं तर तिथली वाचेल."

"मग दुसरी घरच्या कपाटात. फक्त ठाकोरला कळू देऊ नकोस." समोरच्या दुकानातला ठाकोरभाई आपली डिझाइनं चोरतो, हे काका रोज चहाबरोबर सांगत.

कॉम्प्युटरने प्रती होईपर्यंत दम धरला आणि दुसऱ्या दिवशी मान टाकली.

दिवाळीला दुकानात चोपडापूजन, म्हणजे हिशेबाच्या वह्यांची पूजा. जिगीषा दाराशी रांगोळी काढून आत आली, तर चांदीच्या ताटात दोन्ही डिस्क शेजारी शेजारी बसलेल्या. काकी त्यांना पंचामृताने न्हाऊ घालत होत्या.

"काकी! दोन्ही?"

"मग काय, एका लक्ष्मीला पुजायचं आणि दुसरीला कपाटात कोंडायचं?" काका म्हणाले.

"थांब गं," काकी म्हणाल्या, "मध राहिलाय."

दिवाळीनंतर लाभपंचमीला दुकान उघडलं आणि व्यापाऱ्याचा फोन आला. "रमणीकभाई, मोरकलगीचं डिझाइन आज मशीनवर चढलं पाहिजे. नाहीतर पूर्ण सीझनचं काम दुसऱ्याला देतो."

दोन्ही डिस्क चालेनात. दुरुस्तीवाल्याने त्या उघडून वास घेतला. "यातून डेटा नाही, फार तर प्रसाद निघेल."

काकांनी घारी या सुरती मिठाईचा डबा उचलून गल्ली ओलांडली. जिगीषा मागोमाग धावली.

"ठाकोर, तू माझी डिझाइनं चोरतोस ना?"

"सणासुदीला भांडायला आलास?"

"भांडत नाही रे बाबा. किती चोरलीस, तेवढं सांग."

ठाकोरभाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मुकाट्याने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. अकरा वर्षांची डिझाइनं वर्षवार, महिनावार लावलेली. मोरकलगी सर्वांत वर.

जिगीषा थक्क झाली. दुसरी जागा, वेगळा कॉम्प्युटर, रोजच्या रोज प्रत, आणि दर जीबीला भाव शून्य! तिच्या कागदावर हा पर्यायच नव्हता.

काकांनी डोळे पुसले आणि घारीचा डबा पुढे केला. "जिगी, मोज गं, सगळी आहेत का?"

"आठ हजार नऊशे बारा."

काकांचा हात थांबला. "बाकीची अठ्ठ्याऐंशी?"

"ती जरा बरी नव्हती," ठाकोरभाई अवघडून म्हणाला.

काकांनी डबा मागे घेतला.