बाटलीभर पाण्यातला थोरला भाऊ

मुलांनो, खाडीकाठी एक कांदळवन होतं. जंगलच ते, फक्त पाय पाण्यात सोडून बसलेलं.

तिथल्या एका खडकावर दोन कालव भाऊ राहायचे. थोरला काशा, धाकटा बुधा. कालव म्हणजे शिंपल्यात राहणारा जीव. तो खडकाला एकदा चिकटला की जन्मभर हलत नाही. त्यामुळे भांडण झालं तरी कोणी घर सोडून जात नसे.

राजा होता तांबोशी मासा. दरबार भरतीला त्या खडकापाशी भरे आणि ओहोटीला उठे. म्हणून बरेच निकाल अर्धवट राहत.

एकदा बुधाला पाण्याची चव परकी लागली. त्यानं बगळ्याला सांगितलं. बगळा पाणी तपासायचा. दरबारी मासे त्याच्यापासून लांबच बसत, का ते तुम्हाला ठाऊक आहे.

पाण्यात राहणाऱ्याच्या अंगाचे कण गळतात. त्या कणांत त्याची स्वतःची आणि त्याच्या कुळाची जनुकं असतात. बगळ्यानं बाटलीभर पाणी गाळलं आणि दरबारात सांगितलं, की परमुलखातला काळा शिंपला आला आहे. पिल्लं इतकी बारीक आहेत की दिसत नाहीत. आत्ताच काही करा, नाहीतर ती मोठी होऊन कालवांवर थरच्या थर बसतील.

चिंबोरी खेकडी दरबारात कारकून होती. तिनं विचारलं, "प्रत्यक्ष पाहिला का? तसा रकाना आहे."

"नाही. पाण्यानं सांगितलं."

"पाण्याची साक्ष चालत नाही."

महाराज हसले, म्हणून सगळे हसले. ओहोटी लागली.

दोन अमावास्या गेल्या. काशाच्या पाठीवर काळे शिंपले दिसू लागले.

"बुधा, पाहुणे आलेत," काशा म्हणाला. "चहा टाक."

मग त्यांची इतकी गर्दी झाली की काशाला तोंड उघडता येईना. बुधा हाका मारत राहिला. त्याला हलता येत नव्हतं.

दरबार आला. चिंबोरीनं शिंपले प्रत्यक्ष पाहिले, रकाना भरला. पाण्याची साक्ष मानायचा नवा नियमही त्याच दिवशी झाला.

बुधा म्हणाला, "दादा गेला. तेवढं लिहून घ्या."

नियमाप्रमाणे पाणी गाळलं. बगळा मान खाली घालून म्हणाला, की काशाचे कण अजून पाण्यात आहेत.

चिंबोरीनं लिहिलं : काशा, हजर.

"हजर आहे ना?" बुधा म्हणाला. "मग त्याला म्हणावं, एकदा बोल माझ्याशी."

तसा रकाना नव्हता. ओहोटी लागली.

तेव्हापासून भरती आली की बुधा तोंड उघडं ठेवून बसतो. पाणी आत येतं, बाहेर जातं. तो बंद करत नाही.

तात्पर्य : संकट लहान असताना त्याला त्रास देऊ नये. ते रकान्यात मावेल एवढं होऊ द्यावं. भावाची काळजी करू नये, त्याची हजेरी लागते.