मापसाहेब आणि लाल दिवा

विजेचे बिल हातात पडले तेव्हा मापसाहेब नुकतेच आंघोळ करून बसले होते. बिल वाचून संपेपर्यंत ती आंघोळ वाया गेली.

"अगं, हा आकडा बघितलास का?"

"बघितला," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "उलटा धरूनही बघितला. कमी होत नाही."

"आपण एवढी वीज खाल्ली?"

"खाल्ली असेल. उन्हाळा आहे. एसी काय हवा खाऊन चालतो?"

मापसाहेब हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. बाजारात हिंडून दुकानदारांचे काटे तपासायचे, कुणाच्या पारड्याखाली चुंबक चिकटवले आहे, कुणाचे किलोचे वजन आतून पोखरले आहे हे शोधून काढायचे, यात त्यांची हयात गेली होती. हे नाव दुकानदारांनी ठेवले आणि ते घरापर्यंत आले. एवढी वर्षे काटे बघून त्यांचे जगाविषयी एक मत झाले होते. यंत्र खोटे बोलत नाही. खोटे बोलतो तो माणूस. हे मत त्यांनी ऑफिसातच ठेवले असते तर पुढचे रामायण घडले नसते.

त्यांचे घर सगळ्यात वरच्या मजल्यावर होते. डोक्यावर थेट गच्ची. दुपारी छत असे तापायचे की पंखा लावला तर तो वरची धग गोळा करून खाली पाठवायचा. म्हणून गेल्या वर्षी एसी घेतला होता, आणि आता त्या एसीने त्यांच्या तोंडचे पाणी पळवले होते.

त्यातच साडूंचा फोन आला. साडू डोंगरावरच्या थंड गावात राहात. हिवाळ्यात त्यांनी हीटरच्या खर्चाचे रडगाणे गायले होते, तेव्हा मापसाहेबांनी त्यांना ऐकवले होते, "हीटर कशाला? अंगात एक स्वेटर जास्त घाला." साडू ते विसरले नव्हते.

"काय म्हणतोय उन्हाळा?" साडूंनी विचारले. "आम्ही तर इथं अजून दुलई घेऊन झोपतो. तुम्ही एक काम करा, अंगातला एक शर्ट कमी करा."

मापसाहेबांच्या अंगात त्या वेळी शर्ट नव्हताच. त्यांनी फोन ठेवला आणि जाहीर केले, "उद्यापासून या घरात वीज मोजूनमापून वापरली जाईल."

मीटर तळमजल्यावर, जिन्याखाली होते. सगळ्या घरांचे मीटर एका फळीवर ओळीने बसवलेले, प्रत्येकाच्या वर नावाची पाटी. मध्यंतरी जिन्याला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने पाट्या उतरवल्या होत्या आणि परत लावताना वाकड्यातिकड्या लावल्या होत्या. मापसाहेबांना ते बघवले नाही. त्यांनी स्वतः पट्टी आणि दोरा घेऊन सगळ्या पाट्या काढून पुन्हा एका रेषेत बसवल्या. आताही फळीसमोर उभे राहिल्यावर आधी त्या पाट्या बघून त्यांना समाधान वाटले. मग त्यांनी आपल्या नावाखालच्या मीटरकडे नजर टाकली. वीज जितकी जास्त ओढली जाईल तितका त्यावरचा बारीक लाल दिवा भराभर लुकलुकतो. तो इतका लुकलुकत होता की बघणाऱ्याला चक्कर यावी.

"एसी बंद कर!" त्यांनी जिन्यातून वर हाक दिली.

"केला!"

दिवा लुकलुकतच राहिला.

"खरंच केलास का?"

"अहो, केला म्हणजे केला! उकडून मरायला लागले मी!"

"मग फ्रिज बंद कर!"

थोड्या वेळाने वरून आवाज आला, "केला! दूध नासलं तर तुम्ही प्यायचं!"

दिव्यावर काडीचा परिणाम नाही. मापसाहेब धापा टाकत सगळे जिने चढून वर गेले. एसी बंद, फ्रिज बंद, बायको वर्तमानपत्राने वारा घेत बसलेली. ते पुन्हा खाली आले. दिवा आपला भराभर चालूच. आणि तिथे, घामाने निथळत जिन्याखाली उभे असताना, त्यांच्या मनात तो विचार आला. आपण खाली आलो की ही वर चालू करते. आपली पावले ऐकू आली की बंद करते. बाजारातला प्रत्येक लबाड दुकानदार त्यांनी असाच पकडला होता.

मग घराचे सुख गेले. मापसाहेब ऑफिसातून आले की आधी इस्त्रीला हात लावून बघत, गरम आहे का. टीव्हीच्या पाठीवर तळवा ठेवत. दुपारी मध्येच काहीतरी निमित्त काढून घरी येत आणि चपला हातात घेऊन, पायांचा आवाज न करता जिना चढत. एसीचे रिमोट त्यांनी कपाटात कुलूपबंद केले. पंखा पाळीपाळीने लावायचा ठरले. बायकोच्या मानेवर घामोळे उठले, त्यांच्या पाठीवर उठले, आणि एकमेकांना पावडर लावून देण्याइतकेही बोलणे उरले नाही. एवढे करून दिवा हळू व्हायला हवा होता. तो दिवसागणिक वेगात लुकलुकत होता.

समोरच्या घरात बसचे ड्रायव्हर राहात. दिवसभर तापलेल्या इंजिनाशेजारी बसून हा माणूस घरी यायचा तो सरळ एसीत शिरायचा. त्यांच्या दाराच्या फटीतून गार हवा बाहेर यायची, आणि मापसाहेब कुलूप उघडायला मुद्दाम वेळ लावायचे.

"या की साहेब, बसा जरा गारव्यात," ड्रायव्हर म्हणायचे.

"परवडतं बुवा तुम्हाला."

"अहो, मीसुद्धा आधी घाबरायचो. पण हल्ली रोज ड्यूटीवर जाताना मीटर बघून जातो. दिवा कसा, आठवण झाल्यासारखा मधूनच लुकलुकतो. कंपनीचा एसी आहे, खातच नाही काही! आता मी तो बंदच करत नाही. आम्ही बाहेर गेलो तरी चालू. येईपर्यंत घर गार पाहिजे ना!"

हे ऐकून मापसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरच्या घरात चोवीस तास एसी आणि दिवा झोपलेला. आपल्या घरात माणसे शिजतात आणि दिवा नाचतो. म्हणजे लबाडी आपल्याच घरात. ते आत गेले आणि बोलू नये ते बोलून बसले.

"खरं सांग. मी नसताना तू काय काय लावतेस?"

बायको भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"काय म्हणालात?"

"मीटर खोटं बोलत नाही."

"मग मी बोलते?"

मापसाहेबांनी मिक्सरच्या पाठीवर तळवा ठेवून बघितला. तेवढे पुरे होते. तिने ओल्या हाताने कपाळावरचा घाम पुसला आणि शांतपणे सांगितले, "बाजारात ज्यांना पकडता ते निदान चोरी करून तरी पकडले जातात. मी ताईकडे चालले. तुम्ही आणि तुमचा मीटर, सुखानं नांदा."

आणि ती खरेच गेली. साडूंच्या गावी. साडूंच्या घरी. साडूंच्या दुलईत.

त्या संध्याकाळी मापसाहेबांनी घरातली झाडून सगळी बटणे बंद केली, फ्रिजचा प्लग ओढून काढला आणि ते खाली गेले. आता वर चालू करायला कुणी नव्हते. दिवा लुकलुकत होता. मापसाहेब जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. म्हणजे तिने काहीच केले नव्हते. ती उकाड्यात खरोखरच वर्तमानपत्राने वारा घेत बसली होती, आणि आपण चपला हातात घेऊन जिने चढत होतो. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की रडायला आले; पण अंगातले सगळे पाणी आधीच घामावाटे गेले होते. फोन करावा असे दहादा वाटले. पण फोन साडूंनी उचलला तर? त्यापेक्षा आधी खरा चोर शोधू, मग पुराव्यानिशी माफी मागू, असे त्यांनी ठरवले.

त्यांनी एसी दुरुस्त करणाऱ्याला बोलावले. त्याने झाकण उघडले, आत फुंकर मारली आणि मान हलवली. "साहेब, भिंतीवर टांगलेला आहे म्हटल्यावर थोडी वीज ओढणारच. बंद असला तरी."

"थोडी म्हणजे किती?"

"ते काय सांगावं! यंत्र आहे."

मापसाहेबांना चोर सापडला. घरात घेतलेला, हप्ते फेडलेला, भिंतीवर मान वर करून बसलेला चोर. त्यांनी दुसऱ्याच दिवशी एसी विकून टाकला. घेणारे गिऱ्हाईक दारातच होते.

"बाहेरच्या खोलीला दुसरा हवाच होता," ड्रायव्हर खुशीत म्हणाले. "नाहीतरी आमचा मीटर हल्ली अगदीच मलूल आहे. काल तर मी ठोकून बघितला, बंद पडलाय की काय म्हणून!"

एसी समोरच्या घरात गेला. रिकाम्या भिंतीवर चार भोके उरली. मापसाहेब हलक्या मनाने खाली गेले, फोनवर बायकोला काय सांगायचे ते वाक्य मनात जुळवतच गेले. पाटी वाचली, मान खाली केली, आणि त्यांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. दिवा आता लुकलुकतसुद्धा नव्हता. इतका वेगात होता की सलग पेटल्यासारखा दिसत होता.

माणूस एका मर्यादेपर्यंत नियमाने वागतो. मीटरखालच्या मेन स्विचला कुणी हात लावू नये असे तिथे लाल अक्षरात लिहिले होते, आणि मापसाहेबांनी जन्मात लाल अक्षराविरुद्ध काही केले नव्हते. त्या दिवशी त्यांनी आपल्या नावाखालचे मेन स्विच खाडकन खाली ओढले. दिवा थांबला. किती दिवसांनी तो थांबलेला बघून त्यांना बरे वाटले. आता अंधारात बसू, शिजू, पण हा थांबलेला राहील. एकेक पायरी चढत ते घरी आले.

घरात पंखा फिरत होता.

जाताना चुकून चालूच राहिलेला पंखा. मापसाहेब दारात उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले. वीज नाही आणि पंखा फिरतो आहे. उन्हाने आपले डोके फिरले, अशी त्यांची खात्री पटत आली तेवढ्यात समोरचे दार उघडले. ड्रायव्हर बनियनवर बाहेर आले, मागोमाग हातातल्या झाकणाने वारा घेत त्यांची बायको.

"साहेब, लाइट गेली का हो?"

"तुमची?"

"दोन्ही एसी बंद पडले धाडकन! तुमच्याकडे आहे वाटतं? पंखा तर चालू आहे तुमचा."

दोघे तसेच खाली आले. मापसाहेबांनी आपल्या नावाखालचे स्विच वर केले, वरून ड्रायव्हरांच्या बायकोचा आवाज आला, "आली!" खाली केले, "गेली!" मग त्यांनी शेजारच्या मीटरकडे, ड्रायव्हरच्या पाटीखाली, बघितले. तिथला दिवा एका पंख्यापुरता, आठवण झाल्यासारखा मधूनच लुकलुकत होता.

त्या संध्याकाळी मापसाहेब बसले होते त्याच पायरीवर आता ड्रायव्हर बसले. "म्हणजे मी रोज बघत होतो तो..."

"माझा."

"आणि तुम्ही जितकं बंद करत होता..."

"तितकं तुम्ही चालू करत होता. आणि तुम्ही चालू केलं की मी आणखी बंद करत होतो."

"साहेब, मी उन्हाळ्यात गीझर लावलाय हो! एसीत थंडी वाजते म्हणून!" ड्रायव्हरांनी दोन्ही हातांनी डोके धरले. "या पाट्या लावल्या कुणी?"

मापसाहेबांनी वर बघितले. सगळ्या पाट्या अगदी सरळ, एका रेषेत होत्या. केसाइतका फरक नव्हता. आपल्या पाटीवरची धूळ बोटाने पुसत ते म्हणाले, "मी."

ड्रायव्हर भला माणूस. ते भांडले नाहीत. ते फक्त एवढेच म्हणाले, "तुमचा एसी आजच्या आज परत घेऊन जा. जमलं तर माझाही न्या."

मग मापसाहेबांनी फोन लावला. तो साडूंनीच उचलला. मापसाहेबांनी डोळे मिटून बायकोला बोलावून द्यायला सांगितले.

"मी चुकलो," ते म्हणाले. "तू काहीच लावलं नव्हतंस. तो मीटर समोरच्यांचा होता."

तिने रिसीव्हर बाजूला धरून कुणाला तरी काहीतरी सांगितल्याचे कानावर आले, आणि त्यानंतर साडू जे हसले ते खोकला लागेपर्यंत हसले. मापसाहेबांनी ते शेवटपर्यंत ऐकले. तेवढी शिक्षा त्यांना मान्य होती.

"येते मी," बायको म्हणाली. "पण रिमोट माझ्याकडे राहील."

ती सुट्टीच्या दिवशी सकाळी आली. बरोबर एक मोठे गाठोडे होते. दुपारी जेवणे झाल्यावर तिने एसी लावला आणि आकडा खाली नेत नेत जिथे संपतो तिथे नेऊन ठेवला. मापसाहेबांच्या ओठांवर काहीतरी आले, ते त्यांनी परत पाठवले. मग तिने गाठोडे सोडले. आत साडूंनी दिलेली जाडजूड दुलई होती. ती अंगभर ओढून बायको भिंतीकडे तोंड करून झोपली.

बाहेर रस्ता उन्हाने पांढरा पडला होता. आत मापसाहेब गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत पडले होते. दात वाजायला लागले तेव्हा त्यांनी हळूच हात लांब केला आणि दुलईचे एक टोक आपल्याकडे ओढले.

"अहो," बायको झोपेतूनच म्हणाली, "आपलीच आहे ना, ते आधी नीट बघा. मग ओढा."