दोन पॉइंट आठ

मुखेडच्या वैजनाथनं कॅमेऱ्यासाठी लेन्स निवडायला घेतली तेव्हा त्याच्या दोघा मित्रांची लग्नं ठरत होती. निवडून झाली तेव्हा दोघांच्याही घरची बारशी उरकली होती. कॅमेरा मिररलेस, बिनआरशाचा, त्यातही क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फोटो टिपणारा आतला पडदा लहान. त्याला साजेशी धारदार लेन्स पाहिजे म्हणून गडी एसटीनं अकरा खेपा नांदेडला गेला. प्रत्येक लेन्सनं दुकानदाराच्या मिशीचा फोटो काढायचा आणि घरी येऊन केस मोजायचे. अखेर एका लेन्समध्ये चारशे बारा केस भरले. तीच घेतली.

मधल्या काळात त्याच्या व्यंकटीकाकांनी देगलूरकडच्या नागप्पांची जया सुचवली. पोरगी शेतकी शिकलेली. तिचा बायोडाट्यावरचा फोटो धूसर होता, तरी वैजनाथ तेवढ्यावरच गारद झाला. मुलगा काय करतो, असं नागप्पांनी फोनवर विचारलं. क्रॉप सेन्सरचं काम बघतो, काका म्हणाले. क्रॉप हा शब्द नागप्पांना पीकविम्याच्या अर्जावरून पाठ होता. शेतकी खात्यातला साहेब चालून आलाय, हे दिवस मावळायच्या आत गावभर झालं.

रविवारी वैजनाथ गळ्यात कॅमेरा घालून पोचला. नागप्पांनी त्याला उंबऱ्यावरूनच वळवलं.

"आधी तूर बघा साहेब. पोरगी कुठं पळून जातीय."

होणाऱ्या सासऱ्याला लेन्सची पारख आहे, असं वैजनाथला वाटलं. त्यानं एका शेंगेचा फोटो काढला आणि मोठा करून दाखवला. नखाएवढी अळी पडद्यावर सापाएवढी होऊन बघत होती.

"हिचे केस बघा मामा. एकेक मोजून घ्या."

"हिला आता कितीनं मारावं?" नागप्पांनी विचारलं.

"एक पॉइंट चारनं मारलं तर मऊ पडतंय. दोन पॉइंट आठनं मारा. एकदम कडक."

नागप्पांनी औषधाचं माप म्हणून आकडा तळहातावर लिहून घेतला. शेजारचा मडिवाळप्पा वैजनाथला आपल्या हरभऱ्यात घेऊन गेला, त्याच्यामागं आणखी बारा जण. बांधाबांधावर अळी निघाली आणि वैजनाथनं बांधाबांधावर तोच आकडा सांगितला. दुपारपर्यंत चौदा पंप पाठीवर चढले आणि गाव असं दरवळलं, की डास सीमा ओलांडून तेलंगणात गेले.

पोहे खाताना नागप्पांनी सहज विचारलं, ऑफिस मुखेडला का नांदेडला.

"ऑफिस कुठलं मामा. फोटोचं दुकान हाय."

"अन् दोन पॉइंट आठ?"

"ते लेन्सचं माप हाय. फोटो मारायचं."

नागप्पांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. पाहुण्याला वाटेला लावावं, तर उद्या चौदा जण जाब विचारायला आपल्याच दारात. ठेवून घ्यावं, तर जावई फोटोवाला. ते तळहातावरचा आकडा पुसायला लागले. वैजनाथनं गुपचूप कॅमेरा पिशवीत घातला. सोयरीक मोडली, हे कळायला त्याला लेन्स लागली नाही.

तेवढ्यात जया चहा घेऊन बाहेर आली. आतून तिनं सगळं ऐकलं होतं. कप ठेवता ठेवता तिनं पाहुण्याकडं एकदा नीट बघून घेतलं आणि बापाला म्हणाली,

"अप्पा, औषधाचं बरंवाईट आठ दिवसांनी दिसतंय. साखरपुडा सहाव्या दिवशी उरकून घ्या. गावच्या जावयाला कोण बोलतंय."